रुमालाखालचा भाव

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर चार हजार शब्द मागितले. मी एक हजार म्हणालो. त्या तीनवर आल्या, मी दीडवर गेलो आणि दोनवर सौदा पटला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मानधनाचं बोलायचं राहूनच गेलं. चाळीस वर्षं भाव करण्यात घालवलेल्या माणसाला हे शोभत नाही. पण बाईंचा आवाज गोड होता आणि माझं जेवण व्हायचं होतं. उपाशीपोटी सौदा करू नका, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो.

त्यांना काहीतरी प्रेरणादायी पाहिजे होतं. तसं माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे एक जुनी तक्रार आहे, दोन हजार रुपयांची आणि एका रुमालाची. घरचे ती ऐकून कंटाळले आहेत. जेवताना मी "त्या दिवशी बाजारात" एवढं म्हटलं, की बायको भाजीचं पातेलं उचलून आत जाते. म्हणून आता तुमच्यापुढे मांडतो.

मी ढोरांचा दलाल. सावरगावचा. पांढुर्णा, सौंसर, रामाकोना या पट्ट्यात बैल, म्हैस किंवा बकरी विकली गेली, तर निदान तीस वर्षं तरी मी तिथे उभा होतो असं समजा. बापाने मला काही ठेवलं नाही, रागीट डोकं तेवढं ठेवलं. बाकी सगळं मी बाजारात उभं राहून कमावलं. जनावराचं तोंड उघडून वय सांगतो. सकाळपासून धार न काढता कास फुगवून आणलेली म्हैस मला वीस पावलांवरून कळते. शिंगाला तेल लावून म्हातारीला तरणी करणारे मी ढिगाने पाहिले, आणि त्यांना भर बाजारात शिव्याही दिल्या.

बाहेरच्या लोकांना आमची भाव करायची रीत माहीत नसते, ती सांगतो. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. अख्खं बोट धरलं की हजार, पेर दाबलं की शंभर. तोंडाने मात्र पाऊसपाणी, संत्र्याचा बहार, पोरीचं लग्न असलं काहीतरी चालू ठेवायचं. भोवती पन्नास माणसं असली तरी भाव कुणाला कळत नाही. जनावराच्या मालकालाही बरेचदा कळत नाही. बाकीच्या खुणा मी सांगणार नाही. धंद्यात अजून माझे चेले आहेत.

आता मी या दुसऱ्या कामात कसा आलो ते. छिंदवाड्याला एक संस्था आहे. नोकरीच्या नाहीतर लग्नाच्या नावाने ज्या बायकांना दूर नेऊन विकलं, आणि ज्या तिथून सुटून परत आल्या, त्यांना ही संस्था स्वतःचा धंदा टाकून देते. अर्धी रक्कम मदत, अर्धी हळूहळू बिनव्याजी परत. रोख हातात देत नाहीत. वस्तू घेऊन देतात आणि पावती त्या बाईच्या नावावर करतात, म्हणजे उद्या नवरा, भाऊ, दीर कोणीही उठून "हे माझं" म्हणू शकत नाही. कल्पना चांगली होती, पण खरेदी करणारे शिकलेले लोक होते. त्यांनी चार बायकांसाठी बारा बकऱ्या एकाच माणसाकडून, एकाच दिवशी, त्याने सांगितलेल्या भावात घेतल्या. त्यातल्या निम्म्या बकऱ्या मला काकी लागतील इतक्या वयाच्या होत्या.

संस्थेच्या सोनल मॅडम चौकशी करत माझ्याकडे चहाच्या टपरीवर आल्या. बकऱ्यांचे फोटो दाखवले. मी इतका हसलो की मॅडम चिडल्या. त्या चिडल्या म्हणून मीही चिडलो. अर्धा तास आम्ही भांडलो आणि शेवटी त्यांनी मला खरेदीच्या कामावर ठेवलं.

पुढची काही वर्षं मी संस्थेच्या वतीने पिठाची चक्की, फळांची गाडी, बांगड्यांचा माल, काय काय घेतलं. पहिल्या सांगितलेल्या भावाला एकही वस्तू घेतली नाही. मिरची कांडायच्या मशीनचे तर साडेचार हजार तोडले. फक्त ती ठेवायची कुठे, याचा विचार कोणी केला नव्हता. ती लागली शाळेच्या मागच्या भिंतीला. पहिल्या दिवशी कांडप सुरू झालं आणि गुरुजींसकट अख्खी शाळा शिंकत मैदानात आली. पोरांनी त्या बाईचा जयजयकार केला. गुरुजींनी माझा उद्धार केला. मशीन हलवावं लागलं, पण साडेचार हजार वाचले ते वाचलेच.

हे सगळं मी अभिमानाने सांगतो. आणि आता तक्रारीकडे येतो.

तिचं नाव मोनिका. खरं नाव वेगळं आहे. लिहिण्याआधी मी तिला विचारलं, की तुझं नाव कमला ठेवू का. ती म्हणाली, "कमला नोका ठेवू काकाजी, कमला आपली म्हैस आहे. मोनिका ठेवा." म्हणून मोनिका.

ती रामाकोन्याकडच्या एका खेड्यातली. संत्र्याच्या पॅकिंगचं काम आहे म्हणून तिला नेलं आणि खूप दूरच्या मुलखात एका घरात बायको म्हणून विकलं. साडेतीन वर्षांनी ती परत आली. मधलं मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. संस्थेच्या फॉर्मवर "आपली कहाणी" असा मोठा रकाना होता. आधीच्या बायकांनी तो भरून वर पुरवण्या जोडल्या होत्या, कारण जितकं रडू येईल तितके पैसे लवकर मिळतात असा समज होता. मोनिकाने त्या अख्ख्या रकान्यात दोन शब्द लिहिले. "म्हैस पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "शिलाई मशीन का नको? सगळ्या तेच घेतात."

"म्हणूनच नोको," ती म्हणाली. "आमच्या वस्तीत मशिनी सहा आन् कपडे शिवणारं गिऱ्हाईक एक. थे बी उधारीवालं."

तिचा हिशेब सरळ होता. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला मंगळवार-शनिवार गर्दी असते. त्या रस्त्यावर टेबल टाकून घरच्या खव्याचे पेढे विकायचे. खवा तिला येत होता. म्हैस नव्हती.

मॅडमनी तिला माझी ओळख करून दिली, "हे आपले दलाल काका." मोनिका उठली आणि सरळ दाराबाहेर गेली. मी मागे गेलो. म्हटलं, "बाई, मी म्हशीचा दलाल आहे."

"मले नेलं थो बी दलालच होता," ती म्हणाली. "थो म्हणे, मी नोकरीचा दलाल."

मला राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून मी दारापुढच्या चहावाल्यावर ओरडलो.

मग सोनल मॅडमनी मध्यस्थी केली. मोनिका बाजारात यायला तयार झाली. तिला घाई होती. भावाच्या घरी राहायची. भाऊ वाईट नव्हता, पण घरात बहीण बसून आहे हे त्याला लोकांसमोर जड जाई. त्याने एक बिजवर पाहून ठेवला होता, नरखेडकडचा, "काही विचारत नाही" असा. शनिवारी तो पाहायला येणार होता. मोनिकाने भावाशी ठरवून घेतलं होतं, की शनिवारपर्यंत गोठ्यात स्वतःची म्हैस बांधली तर पाहुण्याला अंगणातूनच परत पाठवायचं. नाही बांधली तर चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचं. सौंसरचा बाजार त्याच्या आदल्याच दिवशी होता.

"रिकामा गोठा दिसला तर मी गेली काकाजी," एवढंच ती गाडीत म्हणाली.

मी म्हणालो, "तू काही चिंता करू नको. तू फक्त उभी राह्य."

या वाक्यावर नंतर मी पुष्कळ विचार केला. तेव्हा केला नाही.

बाजारात मी तिला लिंबाखाली उभं केलं आणि फेरी मारली. सुखदेव नावाचा व्यापारी माझा जुना गडी. त्याच्याकडे बाहेरच्या मुलखातून आणलेली एक म्हैस होती, काळीभोर, वाटोळ्या शिंगांची, कास अशी की बघत राहावं. शेजारी आपल्या नागपुरी जातीची एक बांधली होती, लांब तलवारीसारखी शिंगं, त्यातलं डावं वाकडं होऊन डोळ्यावर आलेलं, जणू कुणावर तरी रुसली आहे. तिच्याकडे मी पाहिलंही नाही. वाटोळ्या शिंगाची घ्यायची हे मी मनात पक्कं केलं.

सुखदेवने हात पुढे केला. मी खांद्यावरचा रुमाल टाकला. मरून रंगाचा, पांढऱ्या चौकटींचा, एका कोपऱ्याला विडीने पडलेलं भोक. त्या रुमालाखाली मी निदान हजार सौदे केले असतील.

"यंदा संत्र्याचा बहार कसा काय?" सुखदेव तोंडाने म्हणाला आणि रुमालाखाली ऐंशी हजार सांगितले.

"गळ फार आहे भाऊ," मी म्हणालो आणि पासष्ट दिले.

"औषध मारलं का?" पंचाहत्तर.

"मारलं ना. काही उपयोग नाही." अडुसष्ट.

असं करत एकाहत्तरला आलो. सुखदेवने डोळे मिटले, म्हणजे पटलं. मी शेवटचं बोट दाबणार, एवढ्यात रुमाल गेला.

गेला म्हणजे कुणीतरी ओढला. मी चाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. सौद्याच्या मधे रुमाल ओढणं म्हणजे काय सांगू, जेवत्या माणसाचं ताट ओढावं तसं. आम्ही दोघं भर बाजारात एकमेकांची बोटं धरून उभे, आणि समोर माझा रुमाल मुठीत धरून मोनिका.

"काय करून राहिले तुमी काकाजी?"

"सौदा करून राहिलो! तुझ्याचसाठी! रुमाल दे इकडे!"

"माझ्यासाठी करून राहिले आन् मलेच दिसत नाही? कोणती म्हैस? कितीत?"

मी काही बोलणार तोवर सुखदेवच्या तोंडून निघून गेलं, "एकाहत्तर." बिचाऱ्याला सुचलंच नाही. उघड्या हाताने खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

झालं. शेजारी एक शेतकरी उभा होता. त्याला तासाभरापूर्वी सुखदेवने हीच म्हैस ब्याऐंशीला सांगितली होती. तो पुढे आला. "काऊन बे सुखदेव? मले ब्याऐंशी आन् याले एकाहत्तर?" मागून आणखी दोघे आले. कुणीतरी म्हणालं, माझ्या बैलाचंही असंच केलं. पाच मिनिटांत लिंबाखाली शे-दीडशे माणसं जमली आणि तीस वर्षांचे जुने सौदे निघायला लागले. एकाने तर मेलेल्या बैलाचा हिशेब मागितला.

मी मोनिकावर इतका ओरडलो की माझाच घसा बसला. "तुले अक्कल आहे का? हा बाजार आहे! इथे असंच चालते!"

ती मागे सरकली नाही. आवाज मात्र एकदम खाली आणला, त्यामुळे सगळे ऐकायला लागले.

"तवाबी असंच चाललं होतं काकाजी. टपरीवर दोघं बसले होते. मी समोरच उभी होती. माझ्याकडे पाहून पाहून बोलून राहिले होते. मले आजपर्यंत माहीत नाही, मी कितीत गेली."

सुखदेव आपल्या हाताकडे पाहत राहिला, आणि मी माझ्या.

मग तिनेच विचारलं, "आन् ही वाटोळ्या शिंगाची तुमी कोणाले विचारून ठरवली?"

खरं सांगतो, मी तिला विचारलंच नव्हतं. कोणती म्हैस पाहिजे, हे चाळीस वर्षांत मी कुणाही बाईला विचारलं नव्हतं.

"मस्त म्हैस आहे थे," मी बसक्या आवाजात म्हणालो. "कास पाह्य."

"कास पाहिली. थे चारा खाऊन नाही राहिली. सकाळपासून पाहून राहिली मी. दुरून आणलेली आहे, तिले इथलं काही समजून नाही राहिलं." मग वाकड्या शिंगाकडे बोट केलं. "मले थे पायजे. थे इथचीच आहे. आन् थे माझ्या हातचं खाते."

बायकांचं मन, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं नाही, तेवढी अक्कल होती.

मग तिने सुखदेवशी उघड्यावर, सगळ्यांसमोर, तोंडाने भाव केला. तो अठ्ठावन्न म्हणाला. ती म्हणाली, "पन्नास."

सुखदेव म्हणाला, "बाई, हळू बोल ना, लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या ना. म्हणूनच तं मोठ्याने बोलून राहिली."

लोकांना अशी मजा आमच्या गोटमारीच्या दगडफेकीतही आली नसेल. दर आकड्याला अर्धे तिच्या बाजूने ओरडत, अर्धे सुखदेवच्या. बावन्नवर मला दिसलं, की सुखदेव मोडला. त्याचा डावा डोळा लवतो, मला माहीत आहे. अजून एक क्षण गप्प राहायचं होतं, बस. आणि ही पोरगी म्हणाली, "चौपन्न! आता बस!"

दोन हजार! माझ्या डोळ्यांसमोर दोन हजार रुपये उडून गेले. पैसा माझा नव्हता, पण माझ्या देखत गेला. मी कपाळावर हात मारला. माझा रुमाल तिने त्या वाकड्या शिंगाला बांधला, म्हणजे म्हैस विकली गेल्याची खूण, आणि दावं हातात घेऊन निघाली.

शनिवारी काय झालं ते तिच्या भावाने सांगितलं. नरखेडचा पाहुणा अंगणात आला, त्याने म्हशीच्या पाठीवर आपलेपणाने हात ठेवला आणि कमलाने त्याला लाथ घातली. त्याला परत पाठवावं लागलं नाही. तो स्वतःच गेला. पुढे मी कास तपासायला गेलो तेव्हा मलाही तशीच घातली. ती फक्त मोनिकाला जवळ येऊ देते. दूध म्हणाल तर मध्यम देते, पण घट्ट.

सुखदेव सहा महिने माझ्याशी बोलला नाही. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, आणि तरी पुढच्या आठवड्यात एका बाकावर चहा पितात. दगडाचं माफ होतं, रुमालाचं नाही.

संस्थेने नवा नियम केला. बाईने जनावर स्वतः निवडायचं, भाव स्वतः बोलायचा, आणि मी मागे उभं राहायचं. जनावरात खोट दिसली तर खोकायचं. एवढंच काम. एकदा मला खरीच सर्दी झाली आणि एका बाईने तीन उत्तम बकऱ्या सोडून दिल्या. संस्थेच्या अहवालात या नियमाचं फार कौतुक छापलं आहे. सोबत बाजाराचा फोटो आहे. त्यात मोनिका आहे, सुखदेव आहे, कमला आहे, आणि कडेला माझं कोपर आहे.

मला हे मान्य करावं लागतं, की नियम आल्यापासून घेतलेली जनावरं कमी विकली गेली. पूर्वी मी हजार-दोन हजार वाचवून घेतलेली बकरी वर्षभरात कोणीतरी नातलग दुसरीकडे घालवून टाकायचा आणि बाई काही बोलायची नाही. आता बोलतात. "मी भाव केला, मी आणली," म्हणतात. यातलं किती श्रेय माझ्या खोकल्याचं ते मी ठरवणार नाही.

रुमाल मात्र मिळाला नाही. दर वेळी मागायचो, ती म्हणायची, "धुवायले टाकला." इतकं धुतलं असतं तर त्याचा धागा उरला नसता.

गेल्या मंगळवारी मी जामसांवलीला गेलो. मोनिकाच्या टेबलावर गर्दी होती. खव्याच्या परातीवर माझा रुमाल झाकलेला, मरून, पांढऱ्या चौकटींचा. मी सरळ हात घातला.

"हात नोका लावू काकाजी, गिऱ्हाईक पाहून राहिले."

"माझा रुमाल आहे थो!"

"पायजे का? तं भाव बोला. मोठ्याने."

दर्शनाला आलेले लोक थांबून पाहायला लागले. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, माझ्या तोंडून आकडा निघेना. बोटं आपोआप हलत होती, पण धरायला समोर हात नव्हता आणि झाकायला रुमाल नव्हता. चाळीस वर्षांत मी चारचौघांत मोठ्याने भाव बोललोच नव्हतो.

तिला दया आली असावी. "एक किलो पेढे घ्या, पुऱ्या भावात. रुमाल फुकट," ती म्हणाली.

मी घेतले. आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्या सांगितलेल्या भावाला. तिने परातीवरचा रुमाल उचलला, खाली वाकून पेढे बांधले, रुमालाची घडी पिशवीत टाकली आणि वर म्हणाली, "सांभाळून न्या."

घरी येऊन खाटेवर बसलो, घडी उलगडली. मरून रंग, पांढऱ्या चौकटी, चारही कोपरे धडधाकट. विडीचं भोक कुठेच नाही. कोरा रुमाल, दुकानातून आणलेला. बैलाचं तोंड उघडल्याशिवाय ज्याने कधी पैसे दिले नाहीत, त्याने माल न उलगडता घेतला होता.

मी लगेच फोन लावला आणि वाट्टेल ते बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मागे कमला ओरडत होती.

"माझा जुना रुमाल दे," मी म्हणालो. "काय घेशील? बोल. मी मोठ्याने बोलतो, पाहिजे तर स्पीकरवर टाक. शंभर? दोनशे?"

"नाही काकाजी."

"पाचशे! पाचशे देतो, चिंधीचे!"

"काकाजी," ती म्हणाली, "थो नाही विकायचा."